समारोप नसलेले शिबिर

एप्रिल लागला की आमच्या कार्यालयात दोन प्रकारचे फोन वाढत. एक पाण्याच्या टँकरचे, दुसरे उन्हाळी शिबिरांचे. टँकरचे फोन मुख्य वार्ताहर घेत. शिबिरांचे माझ्याकडे येत, कारण संपादकीय विभागात मी एकटी बाई होते आणि मुलांचे विषय बाईला कळतात असा कार्यालयाचा समज होता. मला मूल नाही. त्याची कुणाला अडचण वाटली नाही.

नगरच्या एका दैनिकात मी निवृत्तीपर्यंत बातम्या लिहिण्याचे आणि इतरांच्या बातम्या कापण्याचे काम केले. पाट्यांवर आता अहिल्यानगर आहे. फोन करणारे अजून नगरच म्हणतात. महापालिका, न्यायालय, बाजार समिती, सगळीकडे गेले. त्याबद्दल आता कुणी विचारत नाही. निवृत्तीनंतरही लोक विचारतात ते एवढेच, "मॅडम, पोराला कुठल्या शिबिरात घालू?" या प्रश्नाचे माझ्याकडे एका ओळीचे उत्तर आहे. ते कसे मिळाले, आणि मिळूनही त्याचा एका घराला उपयोग का झाला नाही, हे सांगायला मात्र एक ओळ पुरत नाही.

बाहेरच्यांना ठाऊक नसते म्हणून सांगते. एप्रिलमध्ये निघणारी शिबिरांची पुरवणी ही बातमी नसते. जाहिरात विभाग जाहिराती आणतो, आणि ज्याने जाहिरात दिली त्याच्या शिबिराविषयी चार चांगल्या ओळी लिहायच्या, असा रिवाज आहे. त्या ओळी लिहिणारा शिबिर पाहत नाही, पत्रक पाहतो. पत्रकात सर्वांगीण विकास असतो, संस्कार असतात, व्यक्तिमत्त्व असते. अलीकडे त्यात एक नवा शब्द आला आहे : लवचिक. लवचिक वेळ, लवचिक बॅच, पालकांच्या सोयीनुसार.

या पुरवणीत एक कोपरा मी माझ्यासाठी मागून घेतला होता. पाहून लिहायचे, जाहिरात असो वा नसो. संपादकांनी दिला, कारण त्यात त्यांचे जात काही नव्हते. शिबिर पाहायला मी उद्घाटनाला कधी जात नसे. उद्घाटनाला प्रत्येक शिबिर चांगले असते. मी सुटण्याच्या वेळेला जाऊन फाटकाशी उभी राहत असे. ज्यांचे आईबाप वेळेवर येतात ती मुले निघून जातात. उरतात त्यांच्याजवळ कोण थांबते, त्यांना बसायला सावली आहे का, की वॉचमन किल्ल्या वाजवत "चला, चला" करतो, हे पाहिले की पत्रक वाचायची गरज राहत नाही.

सावेडीकडच्या एका शिबिराच्या पत्रकावर 'लवचिक' हा शब्द चार ठिकाणी होता. संचालक ट्रॅकसूटमध्ये, गळ्यात शिट्टी. मी विचारले, "लवचिक म्हणजे काय?"

"म्हणजे सातची बॅच घ्या नाहीतर आठची घ्या. पालकांनी ठरवायचं."

"एखाद्या आठवड्यात सकाळी आणि पुढच्या आठवड्यात दुपारी आलं तर?"

"दुपारी आम्ही नसतो ना, मॅडम."

"आठवड्यातून तीनच दिवस आलं तर?"

संचालकांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "मग त्याला समारोपात कुठं उभा करायचा?"

मी ते उत्तर वहीत लिहून घेतले. पुढच्या शिबिरातही तेच आले, त्याच्या पुढच्यातही. उशीर का चालत नाही? समारोपाची प्रॅक्टिस असते. मधल्या दिवशी नवे मूल का घेत नाही? समारोपाच्या रांगा बसलेल्या असतात. चित्रकलेच्या तासाला कबुतर काढणारे मूल का रडते आहे? समारोपाच्या प्रदर्शनात सगळ्यांचे मोर आहेत.

समारोप म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्यातल्या वाचकाला सांगायला नको, पण कागदावर यावे म्हणून लिहिते. मंडप असतो, बॅनर असतो, बॅनरवर मुले सोडून सगळ्यांचे चेहरे असतात. प्रमुख पाहुणे असतात. त्यांना शाल, श्रीफळ आणि आता रोपटे. मुलांना दोन तास आधी बोलावून, रंगवून, रांगेत बसवलेले असते. पाहुणे येईपर्यंत ध्वनिक्षेपकावर 'थोड्याच वेळात' चालू असते. अकोले तालुक्यापासून पाथर्डीपर्यंत मी इतके समारोप पाहिले, की पाहुण्यांचे भाषण कुठल्या वाक्याने सुरू होईल हे मी आधी लिहून ठेवत असे. फार वेळा चुकले नाही.

तर एका ओळीचे उत्तर हे. लवचिक शिबिर हवे असेल तर पत्रक वाचू नका, फी विचारू नका, फक्त समारोप कधी आहे ते विचारा. तारीख सांगितली, तर त्या शिबिराला तुमचे मूल समारोपासाठी हवे आहे. वेळ लवचिक असूच शकत नाही.

फोन करणाऱ्यांना मी हे सांगत असे. बहुतेकांना पटत नसे. आमच्या जिल्ह्यातल्या बेलापूरचे एक गृहस्थ म्हणाले, "समारोप नसला तर पोरगं काय शिकलं ते आम्हाला कळायचं कसं?" मी म्हटले, घरी आल्यावर त्याला विचारा. ते म्हणाले, "त्याला विचारून कळलं असतं तर तुम्हाला फोन कशाला केला असता?" पारनेर भागातल्या एका आजोबांचा शिबिर या कल्पनेवरच राग होता. "आमच्या येळेला म्हशीमागं जायचं, तेच शिबिर. समारोपाला म्हैस परत आली म्हंजे झालं." त्यांचे मी त्यांच्या परवानगीने छापले. एका वडिलांनी विचारले की मुलासाठी नको, आईबापांना महिनाभर ठेवून घेणारे शिबिर आहे का.

रेखाचा फोन आला तो दुपारी. मागे यंत्रांचा आवाज होता. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती, ठेकेदारामार्फत. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, सकाळी सात ते तीन. एक आठवडा सेकंड, तीन ते रात्री अकरा. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. मुलगी तनुजा, दुसरीतून तिसरीत गेलेली.

"पेपरात लवचिक लिव्हलंय त्या समद्यांना फोन केला, मॅडम," ती म्हणाली. "एकीकडं म्हनले, शिफ्टचं आमच्यात बसत न्हाई. एकीकडं म्हनले, तुमीच नोकरी लवचिक बघा."

"आत्ता मुलगी कुठं असते?"

"घरात. कुलूप लावून येते."

"कुलूप?" मी विचारले.

"गॅसची टाकी भाईर काढून ठेवते आधी," ती म्हणाली. "चावी घरमालकिणीकडं असती. ती होस्टेलवर सैपाकाला जाती, पाचला येती. मग उघडती."

मामाच्या गावाला पाठवता येत नाही का, असे मी विचारले. हा प्रश्न प्रत्येक जण विचारत असणार, कारण उत्तर तयार होते. "अकोल्याकडं हाय माझं माहेर, भंडारदऱ्याच्या वर. आईला आता दिसत न्हाई. भाऊ-भावजय नाशिकला कामाला. पोरगी तिथं एकटी पाण्याकडं गेली तर आवाज द्यायला बी कोन न्हाई. त्यापरीस कुलूप बरं."

बोर्डे बाई मला तेव्हा आठवल्या. एस्तेर बोर्डे, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. त्यांचे घर जुन्या ख्रिस्ती वस्तीत, चर्चपासून चार घरे टाकून. मागे अंगण, अंगणात एक कडुनिंब. मे महिन्यात त्यांच्याकडे आसपासची मुले येऊन बसत. कधीपासून, हे त्यांनाही सांगता येत नसे. वेळ नव्हती. फाटकाला कडी नव्हती. सकाळी साडेसहाला पोर टाकून गेले तरी चाले आणि दुपारी तीनला टाकले तरी चाले. बाई व्हरांड्यात बसून भाजी निवडत, मुले त्यांच्या त्यांच्या उद्योगात. कुणी पत्ते, कुणी चिंचोके, कुणी बाईंच्या जुन्या मासिकांची कात्रणे. पाढे चुकले तर बाई व्हरांड्यातून नुसते "अं?" म्हणत. जेवणाचा डबा ज्याने त्याने आणायचा, आणि नसेल त्याने बाईंना न विचारता स्वयंपाकघरात जायचे. फीचे विचारले तर बाई म्हणत, "जमेल ते माठाशेजारच्या डब्यात टाका. मी बघत नाही." खरेच बघत नसत.

आधी एकदा मी त्यांच्यावर लिहायचे ठरवले होते. बाईंनी हात जोडले. "छापू नका हो. पेपरात आलं की पाहुणे येतात."

मी छापले नाही. रेखाला मात्र पत्ता दिला. सुटण्याच्या वेळेला जाऊन पाहायची माझी पद्धत तिथे लागू होत नव्हती, कारण तिथे सुटण्याची वेळ नव्हती. म्हणून संध्याकाळी सहाला गेले. तनूला न्यायला येणाऱ्या घरमालकिणीला त्या दिवशी उशीर झाला होता. तनू माठापाशी पाय पसरून बसली होती आणि बाईंना सांगत होती की त्यांच्या मांजराला कुणीतरी वळण लावायला पाहिजे.

"तू लाव," बाई म्हणाल्या.

"मला वेळ न्हाई."

"का गं?"

"उद्या फर्स्ट शिफ्ट हाय."

शिफ्ट आईची होती. पण उठायचे तिलाही होते.

तो उन्हाळा नीट गेला. रेखाचा फोन जूनमध्ये आला, एवढेच सांगायला. "टाकी आता घरातच असती, मॅडम."

पुढच्या वर्षी बाईंकडे गेले तेव्हा फाटकाबाहेर चारचाकी गाड्या होत्या.

हे कसे झाले ते मी नंतर जुळवले. बाईंकडे येणाऱ्या एका मुलाची आई कुणा पल्लवीताईंच्या घरी कामाला होती. पल्लवीताई आल्या, त्यांना कडुनिंब आवडला, माठ आवडला, बाई फारच आवडल्या. त्यांनी मोबाईलवर चित्रफीत काढून शाळेच्या मातांच्या गटात टाकली. आठवड्यात वीसेक नवी मुले आली. ही मुले वाईट नव्हती. त्यांना चिंचोके लगेच जमले.

अडचण सावलीची झाली. मुले वाढली, कडुनिंब तेवढाच राहिला, आणि मेमध्ये नगरचे ऊन कुणाला माफ करत नाही. पल्लवीताईंनी स्वखर्चाने अंगणावर हिरवी नेट बांधून दिली. मग कूलर आला, सतरंज्या आल्या. मग मुलांच्या मापाचे टी-शर्ट आले. टी-शर्टच्या पाठीवर पल्लवीताईंच्या यजमानांचे नाव होते आणि नावाखाली 'भावी नगरसेवक'. आपल्या शहरात भावी नगरसेवकांची एक स्वतंत्र जमात आहे. ती बॅनरवर राहते आणि वाढदिवसांवर जगते. मुलांच्या पाठी तिला नव्याने सापडल्या होत्या.

त्यानंतर आला समारोप.

पल्लवीताईंची बाजू त्यांच्याच शब्दांत देते, कारण मी त्यांना विचारले होते. "मुलांना काहीतरी टार्गेट हवं ना, मॅडम? नुसतं येऊन बसायचं, मग जायचं, याला काय अर्थ आहे? साहेब स्वतः यायला तयार आहेत." साहेब म्हणजे ज्यांच्या हातात तिकीट होते ते.

वेळ ठरली, संध्याकाळी चार ते सात. पाच ते सात नाचाची प्रॅक्टिस. सकाळी कुणी येऊ नये, म्हणजे अंगण स्वच्छ राहील. दोनदा गैरहजर राहिले तर नाव कमी. फाटकाला कडी बसली.

मी बाईंना विचारले, तुम्ही हे चालू कसे दिले? बाईंनी वर नेटकडे पाहिले.

"सावली घेतली ना मी त्यांची," त्या म्हणाल्या. "आता बोलायला तोंड नाही."

तनूपुरती त्यांनी पळवाट ठेवली होती. आईच्या शिफ्टप्रमाणे ती सकाळी नाहीतर दुपारी मागच्या दाराने स्वयंपाकघरात येऊन बसे. दिवसाची सोय झाली. प्रश्न प्रॅक्टिसचा होता. आईची फर्स्ट शिफ्ट असली की ठीक. तीनला सुटून रेखा तिला सातला न्यायला येऊ शके. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात रेखा कारखान्यात, आणि घरमालकीण पाचला होस्टेलवरून परतताना तनूला घेऊन जाई. सातला परत येणे तिला शक्य नव्हते, तिलाही चूल होती. म्हणजे ज्या क्षणी नाच सुरू होई त्याच क्षणी तनू फाटकातून बाहेर पडे. दोन गैरहजेऱ्या दोन दिवसांत भरल्या.

नाचातून काढलेली मुले भिंतीला टेकून बसत आणि बघत. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तनूही सातपर्यंत तिथे बसे, पण एकटी नव्हती. एक मंडईतल्या भाजीवालीचा मुलगा होता, दोन बहिणी सफाई कामगाराच्या होत्या. त्यांना टी-शर्ट नव्हते. टी-शर्ट मंचावर येणाऱ्यांसाठी होते. कुणी त्यांना लागेल असे बोलले नाही. तशी गरजच नव्हती. पल्लवीताई टाळ्या वाजवून म्हणत, "भिंतीकडच्या मुलांनी आवाज करू नका हं, बेटा."

एका सकाळी तनूने यायला नकार दिला. रेखाचा मला फोन आला. फर्स्ट शिफ्टच्या बसला दहा मिनिटे होती.

"म्हनती, मी न्हाई जानार, मी भिंतीकडची हाय. काय करू, मॅडम?"

"तिला दे फोन."

तनू फोनवर आली. मी तिला विचारले की बाईंकडे जायला तिला आवडत होते ना.

"आवडत हुतं," ती म्हणाली. "तवा भिंत नव्हती."

भिंत तेव्हाही होती. तिला टेकून कुणी बसत नव्हते, एवढेच.

त्या दिवशी रेखाने टाकी बाहेर काढली आणि कुलूप लावले.

मी पल्लवीताईंना भेटले. शांतपणे बोलले, माझ्या व्यवसायात आवाज चढवून काही मिळत नाही. त्या मनापासून हळहळल्या. "अरे देवा, मला कुणी सांगितलंच नाही. तिला घेऊ की परत. फक्त आईला सांगा, समारोपापर्यंत रोज प्रॅक्टिसला पाठवायचं. मी एकीला सूट दिली तर सगळ्याच मागतील ना?" समारोप दोन आठवड्यांवर होता. त्यातला एक सेकंड शिफ्टचा.

रेखाने सुपरवायझरकडे सलग दोन आठवडे फर्स्ट शिफ्ट मागितली. तो म्हणाला, कारण काय? तिने खरे सांगितले. तिची तेवढीच चूक. आजारपण सांगितले असते तर कदाचित मिळाली असती. मुलीच्या नाचासाठी शिफ्ट बदलून मागणारी बाई, ही पॅकिंगमध्ये दिवसभर पुरलेली गंमत झाली. तिने मैत्रिणीशी शिफ्टची अदलाबदल केली; दोन दिवस निभावले. मैत्रिणीच्या सासूला दवाखान्यात न्यावे लागले, तेव्हा तेही संपले. उरलेले दिवस रेखा कामावर गेली नाही.

तनूला टी-शर्ट मिळाला. तिसऱ्या रांगेत, कडेला. त्या दिवसांत मी एकदा प्रॅक्टिस पाहायला गेले. तिला नाच येत होता. तिच्या पुढच्या मुलीला येत नव्हता, आणि तनू तिला मागून दबक्या आवाजात सांगत होती, "डावा, डावा. आता गोल."

सोमवारी रेखा कामावर गेली तेव्हा फाटकावर तिचे कार्ड चालले नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "तुम्हाला ब्रेक दिलाय." ब्रेक म्हणजे काय, हेही बाहेरच्यांना सांगायला हवे. कंत्राटी कामगाराला काढत नाहीत. काढायला कारण लागते, कागद लागतो. ब्रेक देतात. ब्रेक कधी संपतो हे कुणी सांगत नाही. शब्द मात्र असा आहे की वाटावे, माणूस चहा प्यायला गेला आहे.

समारोप त्याच आठवड्यात झाला. मी गेले होते. बातमीसाठी कुणी पाठवले नव्हते. कुणाला पाठवायची गरजही नव्हती, कारण बातमी कार्यालयात आधीच आली होती. पल्लवीताईंच्या यजमानांच्या कार्यालयातून दुपारीच प्रसिद्धिपत्रक आले. साहेबांच्या हस्ते दीपप्रज्वलन झाले, भावी नगरसेवकांनी प्रास्ताविक केले, चिमुकल्यांनी नृत्य सादर करून उपस्थितांची मने जिंकली. सगळे भूतकाळात. तेव्हा मंडपवाला अजून खांब पुरत होता.

मुलांना तीनला बोलावले होते. गालावर लाली, डोक्याला झिरमिळ्या. अंगणातली नेट मंचाच्या मागे पडद्यासारखी बांधायला काढली होती, कारण फोटोत हिरवे चांगले दिसते. त्यामुळे मुले उन्हात होती. कडुनिंबाखाली खुर्च्या होत्या, त्यांवर पाहुण्यांसाठी टॉवेल घातलेले. बोर्डे बाई तांब्या घेऊन रांगांमधून फिरत होत्या. त्यांना दोनदा कुणीतरी येऊन सांगितले, "बाई, तुम्ही बसा ना, तुमचा सत्कार आहे."

साहेब आले तेव्हा दिवेलागण व्हायला आली होती. त्यांना पुढे आणखी एक समारोप होता, तो भिंगारमध्ये. दीपप्रज्वलन झाले. सत्कार झाले, तेही सगळे, कारण सत्कारातून नाव गळले तर माणूस गळतो. साहेबांनी मुलांना सांगितले की ती उद्याचे नागरिक आहेत. मग घड्याळ पाहिले. निवेदकाने ते पाहिले आणि जाहीर केले, "वेळेअभावी आपण सांस्कृतिक कार्यक्रम थोडक्यात घेत आहोत." थोडक्यात म्हणजे घेतला नाही. साहेबांबरोबर गाड्या गेल्या, गाड्यांबरोबर पहिल्या दोन रांगांतले मोठे लोक गेले, आणि ध्वनिक्षेपकवाल्याला भिंगारला पोहोचायचे असल्याने त्याने वायरी गुंडाळायला घेतल्या.

तनू तिसऱ्या रांगेत उभीच होती. तिच्या पुढची मुलगी मागे वळून म्हणाली, "आपला नंबर कधी?" तनूने मंचाकडे पाहिले. एक माणूस त्यावरची सतरंजी ओढत होता.

रेखा पालकांच्या खुर्च्यांत होती. ती उठली नाही, ओरडली नाही. चांगली साडी नेसून आली होती. शेजारच्या बाईने तिला विचारले, "तुमची कुठली?" तेव्हा तिने बोट दाखवले. एवढेच मी पाहिले.

कार्यालयात परतून मी प्रसिद्धिपत्रक घेतले आणि 'चिमुकल्यांनी' पासून 'जिंकली' पर्यंत कापले. दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवीताईंचा फोन आला. रागावलेल्या होत्या.

"मॅडम, मुलांच्या डान्सचं का कापलं?"

"डान्स झाला नाही."

"अहो, पण बसवला तर होता ना."

"बसवला होता. झाला नाही."

"लहान मुलांच्या मनाला काय वाटेल, पेपरात वाचून?"

नोकरीच्या इतक्या वर्षांत मी वाचकाचा फोन आपणहून ठेवला नव्हता. तो ठेवला.

त्याच सकाळी बोर्डे बाईंनी मंडपवाल्याच्या माणसांकडून नेट सोडवून घेतली, घडी घातली आणि कूलर, सतरंज्यांसह हातगाडीवर पल्लवीताईंच्या दारात पाठवली. पल्लवीताई विचारायला आल्या तेव्हा मी तिथेच होते.

"बाई, अहो, सावली कशाला परत केलीत? पुढच्या वर्षी लागेलच ना."

"पुढच्या वर्षी एवढी मुलं नसतील," बाई म्हणाल्या. "ज्यांना वेळेवर यायला जमतं, त्यांच्यासाठी गावात पुष्कळ शिबिरं आहेत. माझ्याकडं ज्यांना जमत नाही त्यांनीच यायचं."

"हे कसलं हो शिबिर?"

"शिबिर तुम्ही म्हणत होता. मी कधी म्हटलं?"

फाटकाची कडी त्यांनी शेजारच्या लोहाराकडून उचकटून घेतली. भोके अजून आहेत.

पुढच्या एप्रिलमध्ये मी रेखाला फोन केला. बाईंकडचे सांगायचे होते : गाड्या गेल्या, वेळ गेली, फाटक उघडे आहे, कडुनिंब सगळ्यांना पुरतो आहे. साडेसहाला टाक नाहीतर तीनला टाक. मागे यंत्रांचा आवाज नव्हता.

"आता मी घरीच हाय की, मॅडम," ती म्हणाली. "ब्रेक काय संपला न्हाई. आता कशाला लागतंय तसलं शिबिर?"

मी म्हटले, बरोबर आहे. दुसरे काय म्हणणार? मग ती फोनवरून बाजूला काहीतरी बोलली, आणि परत आली.

"तनू इचारती, समारोप हाय का?"

"नाही म्हणून सांग."

तिने सांगितले. "मग येती म्हनली."

मे महिन्यात बाईंकडे गेले. व्हरांड्यात बाई गवार मोडत होत्या. भाजीवालीचा मुलगा माठापाशी झोपला होता, सफाई कामगाराच्या दोघी मुली झाडावर होत्या. तनू नव्हती. मी विचारले.

"येईल, दहाला," बाई म्हणाल्या. "आई सोडते, बाराला नेते. एक मिनिट इकडं तिकडं नाही. आता अगदी वेळेवर असते ती."

त्यांनी ते कौतुकाने सांगितले नाही. गवारीची शेंग मोडली, आत कीड होती, ती बाजूला टाकली आणि पुढची घेतली.